नाचनालयाची ओळख

एकशे त्रेचाळीस मुलांनी माझ्या अभ्यासक्रमाला नाव घातलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आली नाही. अभिमान वाटला. अभिमान वाटला की माणसाला दुसरं काही सुचत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

मी अनंत मोंडकर, मुलुंडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. ग्रंथपाल ही मोठी विचित्र जमात आहे. प्राध्यापक त्याला कारकून समजतात, कारकून त्याला प्राध्यापक समजतात, आणि दोघंही चहाला बोलवत नाहीत. पंच्याऐंशी सालच्या जुलैत शिक्षकांच्या सभेला मला बोलावणं आलं तेही एवढ्यासाठी, की सभेला खुर्च्या कमी पडत होत्या आणि जादा खुर्च्या माझ्या वाचन कक्षात होत्या. खुर्च्यांबरोबर मीही गेलो आणि शेवटच्या खुर्चीवर बसून घेतलं.

आमचे प्राचार्य रेगे नुकतेच पुण्याच्या एका परिषदेहून परतले होते. परिषदेहून परतलेला प्राचार्य ही फार जपून हाताळायची गोष्ट असते. ते म्हणाले, "अकरावीला आलेली मुलं बावरतात. शाळेतून कॉलेजात आल्यावर त्यांना काही कळत नाही. म्हणून आपण अल्प मुदतीचे ऐच्छिक अभ्यासक्रम सुरू करतोय. आठ शनिवार, दर शनिवारी एक तास. मुलांनी हवा तो निवडायचा. कोण काय घेणार?"

मानसशास्त्राच्या सरांनी ‘मैत्री आणि मन’ घेतलं. वाणिज्यवाल्यांनी ‘वेळेचे नियोजन’ घेतलं, आणि ते सांगायला वीस मिनिटं घेतली. असे सहा झाले. मग मला काय झालं कोण जाणे, मी हात वर केला.

"मी ‘वाचनालयाची ओळख’ घेतो."

मानसशास्त्राचे सर म्हणाले, "मोंडकर, ‘शांतता राखा’ एवढंच शिकवायला आठ शनिवार कशाला?"

सगळे हसले. प्राचार्यही हसले, आणि हसता हसता म्हणाले, "घ्या, घ्या. पण नियम सगळ्यांना सारखा. शेवटपर्यंत पंधरा मुलं टिकली पाहिजेत. नाही टिकली, तर तुमचा वाचन कक्ष तसाही रिकामाच असतो. जिमखान्याला टेबल टेनिससाठी जागा हवीच आहे."

म्हणजे गेलो होतो खुर्च्या द्यायला आणि खोलीच पणाला लावून आलो.

भांडुपला घरी येऊन हे सांगितलं तर आमची रत्नप्रभा म्हणाली, "अहो, तुम्ही घरात दिवसाला चार वाक्यं बोलता. त्यातली दोन मिठाबद्दल असतात. तिथे आठ तास काय बोलणार?"

शेजारचे धोंडू मेस्त्री तेवढ्यात पेपर मागायला आले होते. त्यांनी पेपर बगलेत मारला आणि बसकण मारली. ते लाकडाचं काम करतात, पण सल्ला कुठल्याही विषयात देतात.

"अनंता, नाव काय म्हणालंस?"

"वाचनालयाची ओळख."

"ह्या नाव आयकान माका झोप येता रे. पोरां कशी येतली? कायतरी झकास नाव ठेव. पोरां धावत येऊक व्हयी."

मी ताठ मानेने सांगितलं, की नावात चमक आणणं हे दुकानदाराचं काम आहे, ग्रंथपालाचं नाही. चमक कुठून यायची होती ती आलीच, पण ती माझ्याकडून आली नाही एवढं नोंदवून ठेवतो.

सात अभ्यासक्रमांची यादी ऑफिसातल्या सुगंधाबाईंनी स्टेन्सिलवर टाईप केली, सायक्लोस्टाईल झाली, वर्गावर्गात वाटली गेली. चार दिवसांनी अर्ज मोजले. मानसशास्त्राला नऊ, वेळेच्या नियोजनाला सहा (त्यातले चार उशिरा आलेले), आणि मला एकशे त्रेचाळीस. मी कॉरिडॉरमधून चाललो की मुलं एकमेकांना कोपर मारून माझ्याकडे बोट दाखवायची. एकाने तर धावत येऊन विचारलं, "सर, पहिल्या शनिवारी डिस्को का?"

"काय?"

"का ब्रेक डान्स, सर?"

मी ऑफिसात जाऊन यादी हातात घेतली. ती मी तोपर्यंत वाचलीच नव्हती. सगळ्या कॉलेजने वाचावं म्हणून जन्मभर झटणाऱ्या माणसाने स्वतःचा कागद वाचला नव्हता. त्यावर लिहिलं होतं : ‘अभ्यासक्रम क्र. ७ : नाचनालयाची ओळख. मार्गदर्शक : श्री. अनंत मोंडकर, ग्रंथपाल.’

सुगंधाबाई म्हणाल्या, "एकच तर अक्षर आहे सर. कोण बघतंय?"

"एकशे त्रेचाळीस जणांनी बघितलंय बाई!"

मी तडक प्राचार्यांकडे गेलो. ते खुशीत होते. "मोंडकर, कमाल केलीत! सगळ्या कॉलेजात पहिले! आकडा मी यादीसकट संस्थेच्या अध्यक्षांना कळवलासुद्धा." मी चूक दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षर तेच होतं.

"आता आकडा गेलाय," ते म्हणाले. "एक शुद्धिपत्र काढा. आणि हे बघा, गाजावाजा नको."

शुद्धिपत्र काढायला जावक क्रमांक लागतो. जावक क्रमांक देणारा कारकून लग्नासाठी देवरुखला गेला होता. तो आला, क्रमांक मिळाला, आणि शुक्रवारी दुपारी शुद्धिपत्र सूचना फलकावर लागलं. मी मुद्दाम जाऊन वाचलं. मजकूर असा होता : ‘अभ्यासक्रम क्र. ७ मध्ये नाचनालय ऐवजी वाचनालय असे नाचावे.’

त्या संध्याकाळी आणखी अकरा अर्ज आले.

पहिल्या शनिवारी वाचन कक्षात अठ्ठेचाळीस खुर्च्या, दीडशेच्या वर मुलं आणि एक टेपरेकॉर्डर. आमचा ग्रंथालय सेवक काशीराम दारात उभा होता. तो तीस वर्षं इथे आहे, अंधारातसुद्धा सांगितलेलं पुस्तक काढून आणील. पण इतकी माणसं त्याने त्या खोलीत कधी पाहिली नव्हती. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, कोण गेलं?"

मी टेबलापाशी उभा राहिलो आणि खरं ते सांगून टाकलं. इथे नाच नाही. इथे पुस्तकं आहेत. चूक छापण्यातली आहे. पहिल्या रांगेतल्या, केसांचा कोंबडा काढलेल्या एका मुलाचं तोंड इतकं उतरलं की मला माझीच लाज वाटली. त्याचं नाव नंदू. टेपरेकॉर्डर त्याचाच होता.

"पण नंदू," मी म्हटलं, "कॉलेजात नाचनालय असेल असं तुला वाटलंच कसं?"

तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, आम्हाला काय माहीत कॉलेजात काय काय असतं? प्रयोगशाळा असते, जिमखाना असतो. म्हटलं, असेल हे पण."

पाच मिनिटांत खोली रिकामी झाली. तीस-एक जण उरले, ते बहुतेक पंख्याखाली होते म्हणून. त्यांना मी पाऊण तास ग्रंथ वर्गीकरणाचा इतिहास सांगितला. दुसऱ्या शनिवारी अकरा आले.

पंधराला चार कमी. जिमखान्याचे सर फीत घेऊन वाचन कक्षाची लांबी मोजून गेल्याचं काशीरामने सांगितलं. रत्नप्रभाने विचारलं, "किती आले?" मी म्हटलं, "मोजके." धोंडू मेस्त्री म्हणाले, "मी सांगलेलंय." झकास नावाने पोरं धावत येतील असंही त्यांनीच सांगितलं होतं, पण पडत्या माणसाने तपशिलावर वाद कशाला घालायचा?

त्या दुसऱ्या शनिवारी मी मागणी चिठ्ठीवर बोलत होतो. आमच्याकडे मुलांनी कपाटापर्यंत जायचं नाही, खिडकीवर चिठ्ठी द्यायची, काशीराम पुस्तक आणून देतो. चिठ्ठी इंग्रजीत छापलेली. वर ‘ऑथर’, मग ‘टायटल’, मग ‘कॉल नंबर’. कॉल नंबर म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला आकडा, ज्यावरून ते कुठल्या कप्प्यात आहे ते कळतं. मी विचारलं, "आतापर्यंत कोणाकोणाला पुस्तक मिळालंय?"

एकही हात वर झाला नाही. कॉलेज सुरू होऊन महिना होत आला होता.

शेवटच्या रांगेत एक मुलगी बसायची, दोन वेण्या, मांडीवर पिशवी. द्रौपदी इंगळे. घाटकोपरहून यायची. ती उभी राहिली, खाली बसली, पुन्हा उभी राहिली.

"सर, आमच्याकडे नाहीये."

"काय नाहीये?"

"फोन. कॉल नंबर लिहायचा आहे ना? आमच्या अख्ख्या गल्लीत फोन नाही. मी तीनदा खिडकीपर्यंत आले. मग म्हटलं, ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनाच देत असतील पुस्तकं."

कोणी हसलं नाही. त्याचं कारण लगेच कळलं. मधल्या रांगेतून नंदू उठला. हा परत का आला होता ते मला ठाऊक नव्हतं, बहुधा टेपरेकॉर्डर विसरला होता. तो म्हणाला, "सर, मी लिहिला होता. खालच्या डॉक्टरांचा नंबर. तीन आठवडे झाले, रोज विचारतो डॉक्टरांना, कॉलेजातून फोन आला का? तुमचा फोन आलाच नाही सर."

मी खिडकीच्या आतला खण उघडला. तिथे बाजूला काढलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. एकेक बघितली. सात आकडी नंबर. कुणी वाण्याचा दिला होता, कुणी बापाच्या कंपनीचा. एकाने प्रामाणिकपणे ‘पी. पी.’, म्हणजे फोन दुसऱ्याच्या घरचा, असं लिहून शेजाऱ्यांचं नावही घातलं होतं. आणि प्रत्येक चिठ्ठीवर जांभळा शिक्का : ‘अपूर्ण’. तो शिक्का माझ्या हातचा होता. चांगला जोरात मारलेला.

मी स्वतःला फार शिस्तीचा माणूस समजत होतो. त्या दिवशी मात्र तो शिक्का खणात आत ढकलला. मग वर्गीकरणाच्या इतिहासाचे कागद घडी घालून खिशात टाकले.

"आणखी काय काय कळत नाही?" मी विचारलं. "कॉलेजातलं कुठलंही. सांगा."

द्रौपदीनेच सुरुवात केली. ट्युटोरियल म्हणजे शिकवणी का? तिचे पैसे वेगळे का? रोल नंबरला ‘प्रेझेंट’ म्हणायचं की ‘येस’? सर इंग्रजीत भराभर बोलतात तेव्हा वहीत काय लिहायचं? मध्येच विचारलं तर चालतं का? मुलींचं बाथरूम कुठे आहे, हे एका मुलीने इतक्या हळू आवाजात विचारलं की मला ऐकू यायला तिसरी वेळ लागली. ती महिनाभर घरी जाईपर्यंत थांबत होती.

तास संपला तरी प्रश्न संपले नाहीत. मला उत्तरं येत होती असं नाही. निम्मी काशीरामने दिली.

तिसऱ्या शनिवारी सव्वीस मुलं आली. चौथ्याला एक्कावन्न. मानसशास्त्राचा वर्ग बंद पडला होता, तिथली नऊच्या नऊ माझ्याकडे आली, आणि पाठोपाठ खुद्द सर ‘जरा बघायला’ आले. मी त्यांना नम्रपणे म्हटलं, "या ना. शांतता राखा म्हणजे झालं." एवढं एक वाक्य मला देवाने मिळवून दिलं. घरी सांगितलं, रत्नप्रभाला दोनदा सांगितलं.

आता नोट्स कशा काढायच्या ते मराठीच्या बाईंनी येऊन दाखवलं. चिठ्ठी मी मराठीत छापून घेतली आणि या खेपेला सुगंधाबाईंच्या शेजारी बसून अक्षर न् अक्षर तपासलं. आणि मुलांना कपाटांच्या खोलीत नेऊन पुस्तकं कशी लावतात ते काशीरामने शिकवावं, असं ठरवलं. पण मुलांना तिथे मज्जाव होता, नियम चौदा. मी परवानगीचा अर्ज केला. ऑफिसने लिहिलं, ग्रंथालय समितीची मंजुरी आणा. ग्रंथालय समितीची सभा दोन वर्षं झाली नव्हती, कारण ती बोलवायची समितीच्या सचिवाने, आणि सचिव मी होतो. मग सचिव या नात्याने मी सभा बोलावली, ग्रंथपाल या नात्याने अर्ज वाचून दाखवला, आणि दोन सदस्य चहा पीत असताना तो मंजूर झाला.

सहाव्या शनिवारी काशीराम धुतलेला शर्ट घालून आला. तीस वर्षांत त्याला कोणी काही शिकवायला सांगितलं नव्हतं. चाळीस मुलं कपाटांच्या मधल्या बोळात उभी, आणि तो सांगत होता, "हे बघा, तीनशे म्हणजे समाज. पाचशे म्हणजे शास्त्र. पुस्तकाला नंबर म्हणजे माणसाला पत्ता. पत्ता चुकला की पुस्तक मेलं." पाठीमागच्या मुलांना ऐकू येईना म्हणून ती पुढे सरकली. पुढची त्यांच्यापुढे सरकली. नंदू कपाटाला टेकला.

ते कपाट जुन्या सरकारी गॅझेटांचं होतं. ते सावकाश कलंडलं, शेजारच्यावर पडलं, ते त्याच्या शेजारच्यावर. काशीराम ओरडला, "बाहेर!" आणि सगळी मुलं बाहेर उड्या मारून मोकळी झाली. मी आत राहिलो. ग्रंथपालाने शेवटी बाहेर पडावं असं मला वाटत होतं, असं मी नंतर सांगितलं. खरं म्हणजे हलताच आलं नाही. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, फक्त मी कमरेपर्यंत गॅझेटांत उभा होतो आणि चष्मा नव्हता.

मला वाटलं, आता पळतील. पण द्रौपदीने ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "नंबरप्रमाणे लावायचं ना काका? मग हे बाहेरच्या खोलीत नेऊन मांडू या. शंभरचे ढीग करत." दहा मिनिटांत वाचन कक्षाच्या जमिनीवर पुस्तकांचे ढीग, ढिगांमध्ये मुलं, आणि काशीराम मधोमध हमालांच्या मुकादमासारखा ओरडतोय, "आठशे इकडे! नऊशे दारापाशी!"

आणि दारात प्राचार्य. त्यांच्याबरोबर पांढऱ्या सफारीत संस्थेचे अध्यक्ष. एकशे त्रेचाळीस मुलांचा नाचाचा वर्ग बघायला ते मुद्दाम आले होते.

"रेगे," अध्यक्ष म्हणाले, "नाच कुठाय?"

प्राचार्यांचा चेहरा पांढऱ्या सफारीला जुळेल असा झाला. मी पुढे झालो. केसांत धूळ, शर्टाचं बटण तुटलेलं. म्हटलं, "साहेब, नाच नाही. छपाईची चूक होती. हा वाचनालयाचा वर्ग आहे."

"आणि ही मुलं हे काय उचलतायत? शिक्षा आहे का?"

तेवढ्यात द्रौपदी दोन्ही हातांत हनुवटीपर्यंत पुस्तकं घेऊन आली. पुढचं तिला दिसत नव्हतं. ती म्हणाली, "शिक्षा नाही हो, तास चालू आहे. जरा सरका ना, तुम्ही नऊशेवर उभे आहात."

प्राचार्यांनी डोळे मिटले. महिन्याभरापूर्वी ही मुलगी खिडकीपर्यंत येऊन तीनदा परत गेली होती, हे दारातल्या त्या दोघांना माहीत नव्हतं, मला आणि काशीरामला होतं. काशीरामने माझ्याकडे पाहिलं. माझी छाती अशी भरून आली की उरलेली बटणंही धोक्यात आली.

अध्यक्ष सरकले. मग पायाशी पडलेलं एक गॅझेट उचलून त्यांनी नंबर वाचला आणि विचारलं, "हे कुठे?"

"साडेतीनशे, खिडकीपाशी," नंदू म्हणाला. "आणि काका, पाठ वर करून ठेवा."

अध्यक्ष पाऊण तास राहिले. जाताना प्राचार्यांना म्हणाले, "ही कपाटं भिंतीला ठोकून घ्या. आणि मुलांना बसायला खुर्च्या कमी आहेत इथे." टेबल टेनिसचं टेबल मग रंगमंचाच्या मागे गेलं. कपाटं भिंतीला ठोकायला धोंडू मेस्त्री आले, आणि काम होईस्तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, की अनंताक ह्यो कोर्स मीच सुचवलेलो.

आठव्या, शेवटच्या शनिवारी हजेरी बासष्ट होती. तास संपला, मुलं गेली. द्रौपदी दारात घुटमळत होती. तिच्या मागे एक गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, चपला हातात.

"बाबा, घाला चपला. इथे चालतात," ती म्हणत होती.

अंबादास इंगळे. मरोळला एका कारखान्यात लेथ मशीनवर काम करतात. पहिली पाळी करून, कपडे बदलून तिथून थेट आले होते. पोरगी बसते ती जागा बघायची होती. द्रौपदी काशीरामला काही सांगायला आत गेली तेव्हा ते हळूच म्हणाले, "साहेब, सुरुवातीला रोज म्हणायची, बाबा, मला कळत नाही तिथलं काही. सोडते कॉलेज. आमच्या कारखान्यात पॅकिंगला मुली घेतात. मी बोलून ठेवलं होतं सुपरवायझरशी. एक तारखेपासून जायची होती."

"मग?"

"मग एका शनिवारी घरी आली ते पुस्तक घेऊनच. म्हणाली, मला कळलं कसं मागायचं ते. मी सुपरवायझरला सांगितलं, जागा दुसऱ्या कोणाला द्या."

मी उगाच टेबलावरचे कागद सारखे केले.

द्रौपदी बाहेर आली. "बाबा, तुम्हाला कसलं पुस्तक बघायचंय?"

"मला? मला कशाला?" ते गोरेमोरे झाले. मग म्हणाले, "लेथचं असतं का काही? मराठीत?"

बाहेरच्या माणसाला पुस्तक द्यायचं नाही असा नियम आहे. कितवा ते मला त्या क्षणी आठवेना. द्रौपदी आत गेली आणि दोन मिनिटांत एक पातळ पुस्तक घेऊन आली, यंत्रशाळेत काम करणाऱ्यांसाठी लिहिलेलं. तिने ते खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढून दिली. अंबादासांनी रुमालाने हात पुसले आणि पानं उलटायला लागले. एका पानावर थांबले.

"अगं, हे बघ. हे माझंच मशीन. हे इथं हँडल, रोज फिरवतो मी." ते माझ्याकडे वळले. "साहेब, पुस्तकात आहे!"

मग ते वाचायला लागले, एकेका ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. द्रौपदी शेजारी बसून तिची वही काढून लिहीत होती. शनिवारी आम्ही पाचला बंद करतो. पाच वाजले. काशीराम पितळेची घंटा हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"थांब रे," मी म्हटलं. "त्यांचं पान होऊ दे."